पंधरा मतं, एकोणीस हंगाम

2001 च्या जानेवारीत बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी अमेरिकेतल्या 515 क्रीडापत्रकारांनी मतदान केलं. डेव्ह विनफिल्ड आणि कर्बी पकेट निवडून आले. त्याच यादीत लू व्हिटेकर हे नाव पहिल्यांदाच आलं होतं. डेट्रॉइट टायगर्सचा हा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू 1977 ते 1995 असे एकोणीस हंगाम एकाच संघाकडून खेळला होता. त्याला 15 मतं पडली. नियम असा, की 5 टक्क्यांपेक्षा कमी मतं मिळालेलं नाव पुढच्या वर्षीच्या यादीतून कायमचं बाद. यादीत टिकून राहायला निदान 26 मतं लागत होती. अकरा मतं कमी पडली आणि एका दुपारीच प्रकरण मिटलं.

मिटलं, पण निकाली निघालं नाही. गेली पंचवीस वर्षं बेसबॉलचा हिशेब ठेवणारी माणसं या पंधरा मतांकडे परत परत येतात. व्हिटेकरची जागा हॉल ऑफ फेममध्ये आहे, या दाव्याची बाजू या व्याख्यानात मांडायची आहे. बाजू मांडायची म्हणजे वकिली करायची. पण समोरच्या पक्षाचे मुद्दे झाकून ठेवून केलेली वकिली टिकत नाही, म्हणून तेही यथावकाश येतील.

आधी हा हॉल ऑफ फेम काय आहे ते. कूपर्सटाउन हे न्यूयॉर्क राज्यातलं, दोन हजारांच्या आत वस्ती असलेलं गाव. अब्नर डबलडे नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1839 साली इथेच बेसबॉलचा शोध लावला, अशी एक दंतकथा आहे. इतिहासकारांनी ती केव्हाच मोडीत काढली. पण त्या दंतकथेच्या आधारावर 1939 साली उघडलेलं संग्रहालय खरं आहे, आणि तिथल्या दालनात स्वतःची ब्राँझची पाटी लागणं यापलीकडे बेसबॉलपटूला दुसरा मान नाही. पहिली पाच नावं 1936 साली निवडली गेली: टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. तेव्हापासून आत जायला दोन दारं आहेत. पहिलं पत्रकारांचं. संघटनेत दहा वर्षं सभासद असलेले पत्रकार, खेळाडू निवृत्त होऊन पाच वर्षं झाल्यावर, मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करतात. 75 टक्के मतं मिळाली की दार उघडतं. दुसरं दार समित्यांचं. पत्रकारांनी ज्यांना वगळलं त्यांचा सोळा जणांची समिती पुन्हा विचार करते. तिथे बारा मतं लागतात. नियमावली मतदाराला सांगते की खेळाडूची कामगिरी, कौशल्य, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघासाठीचं योगदान पाहा. किती प्रसिद्धी मिळाली ते पाहा, असं ती कुठेही सांगत नाही.

आता जागा. बेसबॉलच्या मैदानात दुसऱ्या बेसच्या उजवीकडे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधोमध उभा असतो तो सेकंड बेसमन. डावीकडे त्याचा जोडीदार शॉर्टस्टॉप. पहिल्या बेसवर प्रतिस्पर्धी धावपटू असताना चेंडू शॉर्टस्टॉपकडे सरपटत गेला, की दोन बळी एकदम घेण्याची संधी तयार होते. त्यालाच डबल प्ले म्हणतात. शॉर्टस्टॉप चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकतो. सेकंड बेसमनने धावत येऊन तो झेलायचा, बेसला पाय लावायचा, हवेतच अंग वळवायचं आणि पहिल्या बेसकडे फेकायचं. हे सगळं चालू असताना पहिल्या बेसवरून सुटलेला धावपटू त्याच्या पायांवर घसरत येत असतो. त्याला पाडणं हेच त्या धावपटूचं काम. व्हिटेकरच्या काळात हे पाडणं बऱ्याच अंशी कायदेशीर होतं. त्याला चाप लावणारा नियम 2016 साली आला.

म्हणून दुसऱ्या बेसवरची माणसं लवकर झिजतात. गुडघे जातात, घोटे जातात. रॉबर्टो अलोमार हा या जागेवरचा अव्वल खेळाडू; 2001 च्या हंगामानंतर, वयाच्या चौतिशीत, त्याचा खेळ असा कोसळला की पुन्हा सावरला नाही. शिकागो कब्जचा लाडका राइन सँडबर्ग 1994 साली चौतिसाव्या वर्षी हंगाम अर्धा टाकून निवृत्त झाला, मग दोन वर्षांसाठी परत आला. व्हिटेकरने बत्तिसाव्या वर्षी, 1989 साली, 28 होम रन मारले. तो त्याचा सर्वोच्च आकडा. चौतिसाव्या वर्षी 23. अडतिसाव्या वर्षी, शेवटच्या हंगामात, 84 सामन्यांत .293 ची सरासरी आणि 14 होम रन. त्यानंतर तो थांबला. उतरणीला लागण्याआधीच निघून गेला, हीसुद्धा त्याची चूक ठरली की काय, असा प्रश्न पडतो. कारण 3,000 हिट्स किंवा 300 होम रन असे गोल आकडे गाठण्यासाठी आणखी तीन-चार वर्षं रेटत राहणाऱ्यांना मतदार उदारपणे वागवतात.

व्हिटेकर जन्मला ब्रुकलिनमध्ये, 12 मे 1957 रोजी. वाढला मात्र व्हर्जिनिया राज्यातल्या मार्टिन्सव्हिल या गावात. 1975 साली टायगर्सनी त्याला पाचव्या फेरीत उचललं. तेव्हा तो तिसऱ्या बेसवर खेळायचा, आणि 1976 साली लेकलँडच्या कनिष्ठ संघाकडून फ्लोरिडा स्टेट लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. त्यानंतर संघाने त्याची जागा बदलली. 1977 साली मॉन्टगोमेरीच्या संघात त्याच्या शेजारी एक किडकिडीत शॉर्टस्टॉप आला, कॅलिफोर्नियाचा अ‍ॅलन ट्रॅमेल. तिथून या जोडीची गोष्ट सुरू होते.

9 सप्टेंबर 1977. बॉस्टनचं फेनवे पार्क, एकाच दिवसातल्या दोन सामन्यांपैकी दुसरा. वीस वर्षांचा व्हिटेकर आणि एकोणीस वर्षांचा ट्रॅमेल यांनी एकाच सामन्यात पदार्पण केलं. व्हिटेकरला तीन हिट्स मिळाले, ट्रॅमेलला दोन. पुढच्या वर्षी व्हिटेकर अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. मग दोघे एकमेकांशेजारी उभे राहिले ते 1995 पर्यंत. एकत्र खेळलेल्या सामन्यांची संख्या 1,918. अमेरिकन लीगमधल्या दोन सहकाऱ्यांचा हा विक्रम. डेट्रॉइटमध्ये एकाचं नाव दुसऱ्याशिवाय कुणी घेत नसे. टॉम सेलेक हा अभिनेता टायगर्सचा कट्टर चाहता. त्याच्या ‘मॅग्नम, पी. आय.’ या मालिकेत 1983 साली दोघे पाहुणे म्हणून झळकले, तेही जोडीनेच. टायगर स्टेडियममध्ये व्हिटेकर बॅट घेऊन आला की प्रेक्षक ‘लूऽऽ’ असा लांबलचक पुकारा करत. नवख्या माणसाला वाटे, आपल्याच खेळाडूची हुर्यो उडवताहेत.

1984 हे डेट्रॉइटचं वर्ष. संघाने पहिल्या 40 सामन्यांपैकी 35 जिंकले, हंगामात 104 जिंकले आणि वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेत सॅन डिएगो पाद्रेजना 4-1 असं हरवलं. मालिकेचा मानकरी ट्रॅमेल. चौथा सामना टायगर्सनी 4-2 जिंकला आणि त्या चारही धावा ट्रॅमेलच्या दोन होम रनवर आल्या. दोन्ही वेळा बेसवर एक माणूस आधीच उभा होता. तो व्हिटेकर. ट्रॅमेलच्या फटक्याच्या दोन धावा व्हायच्या त्या व्हिटेकर तिथे होता म्हणून, नाहीतर एकच झाली असती. त्याच्या साऱ्या कारकिर्दीचं मोल आणि त्याच्याकडे झालेलं दुर्लक्ष, दोन्ही या एका सामन्यात दिसतं. होम रन मारणारा लक्षात राहतो, बेसवर थांबलेला राहत नाही.

बेसवर पोचणं, हा खरा मुद्दा आहे.

जुन्या काळी बॅटरची लायकी सरासरीवर ठरे: दर हजार प्रयत्नांत किती हिट्स. व्हिटेकरची सरासरी .276. बरी, पण डोळे विस्फारावेत अशी नाही, अलोमारची .300 होती. मात्र या सरासरीत एक गोष्ट धरलीच जात नाही, ती म्हणजे वॉक. पिचरने चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले आणि बॅटरने मोह आवरून ते सोडले, की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. क्रिकेटमधल्या वाइडशी याचं लांबचं नातं आहे, फरक इतकाच की इथे वाइड ओळखून सोडून देण्याचं श्रेय बॅटरचं. व्हिटेकरने 1,197 वॉक मिळवले आणि तो 1,099 वेळा स्ट्राइक-आउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाला. स्ट्राइक-आउटपेक्षा वॉक जास्त, हे चांगल्या नजरेचं लक्षण. आणि 244 होम रन मारणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर ते आणखी विरळा. वॉक धरले की तो दर हजार वेळांपैकी 363 वेळा बेसवर पोचला असं दिसतं.

सँडबर्गशी तुलना इथे टाळता येत नाही, आणि टाळायचं कारणही नाही. सँडबर्ग 2005 साली पत्रकारांच्याच मतांनी आत गेला, आणि योग्यच गेला. त्याचे हिट्स 2,386, व्हिटेकरचे 2,369. सँडबर्गच्या धावा 1,318, व्हिटेकरच्या 1,386. आपल्या फटक्यावर सँडबर्गने 1,061 धावा आणवल्या, व्हिटेकरने 1,084. होम रनमध्ये सँडबर्ग पुढे, 282 विरुद्ध 244. चोरलेल्या बेसमध्ये तर फारच पुढे, 344 विरुद्ध 143. पण वॉक? सँडबर्गचे 761. म्हणजे व्हिटेकरने 436 वेळा जास्त बेस फुकट मिळवला. तो थोडा अधिक काळ खेळला हे धरूनही दर हजारी हिशेबात .344 विरुद्ध .363 असा फरक उरतोच. मैदानाचा आकार आणि त्या त्या वर्षाच्या लीगची पातळी वजा करून फलंदाजी मोजणारा एक निर्देशांक आहे, त्यात सरासरी खेळाडू 100 वर असतो. सँडबर्ग 114, व्हिटेकर 117. टायगर स्टेडियमची उजवीकडची भिंत जवळ होती, तिचा डावखुऱ्या व्हिटेकरला फायदा झाला, असं म्हणणाऱ्यांना याच आकड्यात उत्तर आहे. एकाला 76 टक्के मतं पडली. दुसऱ्याला 2.9.

2001 सालीच आणखी एक गोष्ट घडली. ज्या वर्षी पत्रकारांनी व्हिटेकरला वगळलं, त्याच वर्षी जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीने पिट्सबर्गच्या बिल मॅझरोस्कीला आत घेतलं. तोही सेकंड बेसमन. 1960 च्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात शेवटच्या फटक्याला होम रन मारून त्याने न्यूयॉर्क यांकीजना हरवलं होतं, आणि डबल प्ले करण्यात त्याचा हात धरणारा कुणी झाला नाही. त्याच्या नावावर 1,706 डबल प्ले आहेत. पण बॅट हातात आली की त्याचा निर्देशांक 84, म्हणजे सरासरी खेळाडूच्याही खाली. व्हिटेकरचे डबल प्ले 1,527. क्षेत्ररक्षणासाठी मॅझरोस्कीला आठ गोल्ड ग्लोव्ह, व्हिटेकरला तीन, 1983 ते 1985 सलग. मॅझरोस्कीची पाटी काढून टाका असं कुणी म्हणत नाही. पण ज्या दालनात तो आहे, त्याच्या दारातून व्हिटेकरला परत पाठवताना कोणता निकष लावला, हे विचारायला हवं.

खेळाच्या सगळ्या अंगांची बेरीज करणारा अलीकडचा आकडा म्हणजे वॉर. एखाद्या खेळाडूऐवजी सहज मिळणारा बदली खेळाडू उभा केला असता, तर संघाचे किती विजय कमी झाले असते, याचा तो अंदाज. अंदाजच तो, दशांशावर जीव टाकण्यात अर्थ नाही. पण अंतर मोठं असलं की अंदाजही बोलका होतो. व्हिटेकर सुमारे 75. सँडबर्ग 68. अलोमार 67. क्रेग बिजिओ 65. ट्रॅमेल स्वतः 70 च्या आसपास. आत असलेल्या सेकंड बेसमनांची सरासरी 70 च्या आत-बाहेर. मॅझरोस्की 36. 2,308 सामने व्हिटेकर दुसऱ्या बेसवर उभा राहिला; एडी कॉलिन्स, जो मॉर्गन आणि अलोमार हे तिघेच त्याच्यापुढे आहेत, आणि तिघेही कूपर्सटाउनमध्ये आहेत.

आता विरुद्ध बाजू. ती पोकळ नाही.

पहिला आक्षेप असा, की व्हिटेकर कधीच लीगमधला सर्वोत्तम खेळाडू नव्हता. खरं आहे. त्याला सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला नाही, 1983 साली .320 च्या सरासरीने 206 हिट्स मारले तेव्हाही मतदानात तो आठवा आला. सँडबर्गला तो किताब 1984 मध्ये मिळाला. उत्तम सात हंगामांचीच बेरीज केली तर व्हिटेकर 38 च्या आसपास थांबतो. आत असलेल्यांची सरासरी 44 च्या आसपास आहे. दुसरा आक्षेप, डावखुऱ्या पिचरसमोर तो अडखळे आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात अशा दिवशी त्याला पुष्कळदा बाहेर बसवलं जाई. हेही खरं. त्याच्या आकड्यांना या विश्रांतीचा थोडा आधार मिळाला, हे मान्य करावंच लागतं. तिसरा, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवड पाचच वेळा. अलोमारची बारा वेळा.

या आक्षेपांचं वजन किती? शिखराचा मुद्दा सगळ्यांत जड. पण हॉल ऑफ फेमने केवळ शिखर कधीच पाहिलं नाही. वर्षानुवर्षं न ढळता उंच राहणाऱ्यांनाही त्याने मान दिला आहे. बिजिओला 3,060 हिट्सच्या जोरावर घेतलं ते त्यामुळेच. जिथे माणसं तिशीत मोडतात, अशा जागेवर पंधरा-सोळा वर्षं सरासरीच्या बरंच वर राहणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि दुर्मीळ गोष्टीलाच पाटी लावतात. ऑल-स्टारच्या निवडीत चाहत्यांची मतं आणि शहराचा आवाज यांचा भाग मोठा असतो. 2001 च्या त्याच यादीत न्यूयॉर्क यांकीजचा डॉन मॅटिंगली पहिल्यांदा आला होता. त्याचा वॉर 42. त्याला 28 टक्के मतं पडली. मॅटिंगली मोठा खेळाडू होता, पाठदुखीने त्याची कारकीर्द खाल्ली. पण मॅटिंगलीला 145 आणि व्हिटेकरला 15, हा फरक मैदानातल्या कामगिरीचा नाही.

मग कशाचा? व्हिटेकर कमी बोलायचा, हे एक उत्तर असावं. तो यहोवाज विटनेसेस या पंथाचा, स्वभावाने आत वळलेला. वृत्तपत्रांना चटकदार वाक्यं पुरवणं त्याच्या गावी नव्हतं, आणि मतं होती वृत्तपत्रवाल्यांच्या हातात. दुसरं, त्याचा खेळ सहज दिसे. धडपड दिसत नाही तिथे मेहनत नाही, असा समज प्रेक्षकांचाच नव्हे तर जाणकारांचाही होतो. आणि एक किस्साही त्याला चिकटला. 1985 चा ऑल-स्टार सामना मिनियापोलिसला होता आणि व्हिटेकर आपला गणवेश घरी, गाडीच्या मागच्या सीटवर विसरून आला. मग चाहत्यांसाठी विकायला ठेवलेला टायगर्सचा शर्ट विकत आणला, पाठीवर मार्करने 1 हा आकडा काढला, आणि तो घालून तो मैदानात उतरला. लोक हसले. पुढे तो शर्ट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने मागून घेतला. बेसबॉलच्या संग्रहालयात व्हिटेकरची पाटी नाही, पण राष्ट्राच्या संग्रहालयात त्याचा मार्करने रंगवलेला शर्ट आहे, ही गंमत बेसबॉलवाल्यांनी तरी मनाला लावून घ्यायला हवी होती.

ट्रॅमेलची वाटही सोपी नव्हती. पत्रकारांनी त्याला पंधरा वर्षं झुलवलं. शेवटच्या वर्षी, 2016 मध्ये, तो 40.9 टक्क्यांपर्यंत पोचला आणि थांबला. 2017 च्या डिसेंबरात समितीने त्याला आणि त्याच संघाचा पिचर जॅक मॉरिस याला निवडलं. 2018 च्या उन्हाळ्यात कूपर्सटाउनच्या व्यासपीठावरून ट्रॅमेलने व्हिटेकरचं नाव घेतलं आणि तोही एक दिवस इथे असावा अशी आशा बोलून दाखवली. ट्रॅमेलचे हिट्स 2,365. व्हिटेकरपेक्षा चार कमी. जोडीतला एक आत आहे म्हणून दुसऱ्याला घ्या, हा युक्तिवाद मात्र या व्याख्यानात केलेला नाही. तो भावनेचा आहे आणि व्हिटेकरला त्याची गरज नाही. ट्रॅमेल नावाचा माणूस जन्मलाच नसता तरी व्हिटेकरचे आकडे तेच राहिले असते.

2019 च्या डिसेंबरात व्हिटेकरचं नाव पहिल्यांदाच समितीपुढे आलं. सोळापैकी सहा मतं. त्याच बैठकीत टेड सिमन्स हा कॅचर निवडला गेला. सिमन्सची कहाणी ऐकण्यासारखी आहे: 1994 साली पत्रकारांनी त्यालाही पहिल्याच फेरीत, 3.7 टक्क्यांवर, बाद केलं होतं. पंचवीस वर्षांहून अधिक काळाने चूक दुरुस्त झाली. म्हणजे पाच टक्क्यांची दरी ओलांडता येते. तिच्यात अडकलेले आणखीही आहेत. बॉबी ग्रिच हाही सेकंड बेसमन, वॉर 71. 1992 साली 11 मतं मिळवून संपला. ग्रिचची बाजू मांडायला वेगळं व्याख्यान लागेल.

2022 साली टायगर्सनी व्हिटेकरचा 1 हा क्रमांक कायमचा निवृत्त केला. संघाने जे करायचं ते केलं. कूपर्सटाउनने त्याच वर्षी समित्यांची फेररचना केली. 1980 नंतरच्या खेळाडूंसाठी आठ नावांची यादी तीन वर्षांतून एकदा. ही यादी बेसबॉलच्या इतिहासाचे जाणकार पत्रकार तयार करतात. 2022 च्या यादीत व्हिटेकर नव्हता. 2025 च्या यादीतही नव्हता. डिसेंबर 2025 मध्ये समितीने चौदा मतांनी जेफ केंटला निवडलं. केंटही सेकंड बेसमन, या जागेवरून सर्वाधिक होम रन मारणारा. त्याचा वॉर 55. केंट आत गेला याबद्दल तक्रार नाही. पण 55 चा सेकंड बेसमन निवडला जातो आणि 75 च्या माणसाचं नाव यादीवर लिहिलंही जात नाही, यात समितीच्या सोळा जणांचा दोष नाही. ज्याचं नाव समोर नाही त्याला मत कसं देणार? दोष यादी करणाऱ्यांचा आहे.

पुढची यादी डिसेंबर 2028 साठी निघेल. तेव्हा व्हिटेकर 71 वर्षांचा असेल. मरणोत्तर सन्मानांची कूपर्सटाउनला सवय आहे; डिक अ‍ॅलन वारला 2020 मध्ये आणि निवडला गेला 2024 मध्ये. यादी करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की आठांपैकी एक ओळ लू व्हिटेकरसाठी ठेवा, आणि सोळा जणांना सांगणं आहे की सेकंड बेसमनांचे आकडे शेजारी ठेवून मग खूण करा. बारा मतं पुरेशी आहेत.